शाळेचा मूक लिलाव : मेजावर काय मांडावे?

शाळेला पैसा लागतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असूनही ती मोकळेपणाने बोलण्याचा आपल्याकडे अद्यापि संकोच आहे. छप्पर गळू लागले, प्रयोगशाळेतील तराजू निकामी झाले, ग्रंथालयाच्या कपाटांना वाळवी लागली, म्हणजे मुख्याध्यापक प्रथम शिक्षण खात्याकडे अर्ज करतात, मग संस्थेच्या चालकांकडे पाहतात, आणि शेवटी कोणी तरी शिक्षक पावतीपुस्तक घेऊन गावात हिंडू लागतो. पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहणाऱ्याकडे माणसे ज्या नजरेने पाहतात ती नजर मी पाहिली आहे, आणि त्यात त्यांचा दोष आहे असेही मला वाटत नाही. म्हणून यंदाच्या पालकसभेत जेव्हा ग्रंथालयासाठी स्नेहसंमेलनाच्या दिवशी ‘मूक लिलाव’ करावा अशी सूचना आली, तेव्हा मी कान टवकारले. परदेशी असलेल्या आप्तांच्या मुलांच्या शाळांतून हा प्रकार सर्रास चालतो, असे सूचना मांडणाऱ्या पालकांनी सांगितले. सभेतील काहींना हसू आले. लिलाव, आणि तोही मुका! ज्यात आरडाओरडा नाही तो लिलाव कसला?

हसण्याजोगे त्यात काही आहे खरे, पण विचार करण्याजोगे अधिक आहे. सभेत वेळ थोडा होता. म्हणून मनात आले ते येथे मांडते.

प्रथम हा प्रकार काय आहे ते विद्यार्थ्यांसाठी सांगितले पाहिजे. एका लांब मेजावर दान म्हणून मिळालेल्या वस्तू मांडून ठेवतात. प्रत्येक वस्तूपुढे एक कोरा तक्ता असतो. त्यावर वस्तूचे नाव, ती कोणी दिली ते, किमान किंमत आणि बोली किती रुपयांच्या टप्प्याने वाढवावयाची ते लिहिलेले असते. येणारे पाहुणे फिरत फिरत वस्तू पाहतात आणि जी हवी असेल तिच्या तक्त्यावर आपले नाव किंवा आपणास मिळालेला क्रमांक व आपली रक्कम लिहितात. त्याखाली दुसरा कोणी अधिक रक्कम लिहितो, मग पहिल्याला वाटले तर तो पुन्हा वाढवितो. ठरल्या वेळी घंटा होते, तक्ते उचलले जातात, आणि ज्याची रक्कम शेवटची व सर्वांत मोठी, त्याला ती वस्तू मिळते. एवढ्या वेळात पलीकडे मुलांचे नाटक चालू असते, चहा चालू असतो, आणि कोणाचाही आवाज चढत नाही.

सभेत जे हसले त्यांची बाजू भाषाशास्त्र घेईल हेही सांगून टाकते. ‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. तेथे तो ‘लेलांव’ असा काहीसा उच्चारला जातो, आणि पोर्तुगिजांनी तो अरबीतून घेतला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ जाहीर करणे, पुकारणे असा आहे. हिंदी ‘नीलाम’ हाही त्याच शब्दाचा भाऊ. तेव्हा मूक लिलाव म्हणजे शब्दशः पाहता ‘मुकी दवंडी’ होय! वैनगंगेच्या पलीकडे, विदर्भात, आपले मराठी बांधव त्यास ‘हर्रास’ म्हणतात. इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ केवळ वाढणे, वाढविणे. त्या अर्थाने पाहिले तर मूक लिलावात विसंगती काहीच उरत नाही. रक्कम वाढली म्हणजे झाले, ती ओठांनी वाढो की लेखणीने.

माझे माहेर गोव्यात. आमच्याकडे लिलावाला देवळाच्या अंगणात फार जुने स्थान आहे. जत्रेच्या वा उत्सवाच्या वेळी देवाला अर्पण झालेले नारळ, केळ्यांचे घड, फळफळावळ, कधी साडीचोळी, यांची जी जाहीर बोली लागते तिला आम्ही ‘पावणी’ म्हणतो. ख्रिस्ती वाड्यांवर लहान कपेलांच्या सणालाही लोकांनी आणून दिलेली फळे, नारळ, क्वचित एखादे कोंबडे यांचा असाच लिलाव होतो. दोन धर्मांचे लोक एकाच रीतीने देवाघरी पैसा जमवितात, याची आम्हां मुलांना कधी नवलाई वाटली नाही. बाजारात जो नारळ काही रुपयांस मिळतो, त्याला पावणीत त्याच्या कितीतरी पट रक्कम पडते, आणि घेणारा तो हसत हसत घरी नेतो.

गोव्याच्या लिलावाची याहूनही मोठी एक परंपरा आहे, आणि ती शाळेपर्यंत येऊन पोहोचते. तेथील गावकारी, ज्यांना पोर्तुगिजांनी पुढे ‘कोमुनिदाद’ हे नाव दिले, त्या गावाच्या सामाईक जमिनी राखीत असत. 1526 साली अफोन्सो मेशिया याने त्यांच्या रूढी लेखी स्वरूपात नोंदवून घेतल्या. संस्था अर्थात त्यापूर्वीची. या गावकाऱ्यांची भातशेते बहुधा तीन तीन वर्षांसाठी लिलावाने कसावयास दिली जात, आणि जे उत्पन्न येई त्यातून बांध, पाट, देवालय, पुढे चर्च, असे गावाचे सामाईक खर्च भागत. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या गावशाळांतून जे मास्तर वाचन आणि संगीत शिकवीत, त्यांचे वेतनही अनेक ठिकाणी याच उत्पन्नातून होई. म्हणजे शेताच्या लिलावातून मास्तरांचा पगार ही कल्पना आमच्याकडे काही शतके जुनी आहे. तिच्याकडे आज पाहताना मला एक गोष्ट विशेष वाटते. लिलाव होई तो गावाच्या मालकीच्या वस्तूचा, आणि पैसा जाई तो गावाच्या गरजेकडे. मधल्या मध्ये कोणाची प्रतिष्ठा विकत घेतली जात नसे. निदान व्यवस्थेचा तो हेतू नव्हता.

येथे बालाघाटात लिलावाची ओळख वेगळी आहे. आपल्या जिल्ह्यातील मुले लिलाव हा शब्द प्रथम ऐकतात तो जंगलखात्याच्या संदर्भात. सागवानाचे लठ्ठे, बांबू, तेंदूपत्ता. तेंदूपत्त्याचा व्यापार मध्य प्रदेशात 1964 च्या कायद्याने सरकारच्या हाती आला. त्याची विक्री निविदेने अथवा लिलावाने होते, आणि पाने खुडणाऱ्या हातांना त्यातून काय मिळाले हा प्रश्न दर हंगामात घरोघर विचारला जातो. बोली कितीला गेली हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो पैसा कोठे गेला हेही महत्त्वाचे, हे आपल्या जिल्ह्यातील माणसाला पुस्तकात वाचावे लागत नाही.

आता ‘मूक’ या विशेषणाविषयी. आवाज न करता भाव ठरविणे ही काही परकी युक्ती नाही. गुरांच्या आणि धान्याच्या बाजारात दलाल व गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, ही रीत वडीलधाऱ्यांनी पाहिलेली असेल. तिला ‘हत्ता’ म्हणत. तोंडाने हवापाण्याच्या गोष्टी आणि उपरण्याखाली शेकड्यांचे व्यवहार! शेतकरी शेजारी उभा असूनही त्याच्या मालाचा भाव त्याला कळत नसे. हा अंधार हटविण्यासाठी बाजारांचे नियमन करावे लागले. वऱ्हाडातील कारंजे येथे 1886 साली देशातील पहिला नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला आणि 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. पुढे ठिकठिकाणच्या बाजार-नियमांनी हत्ता पद्धत बंद करून उघड लिलाव सक्तीचा केला.

शाळेचा मूक लिलाव हत्त्यासारखा मुका आहे काय? नाही. तेथे भाव झाकलेला असे, येथे तो शाईने लिहून सर्वांपुढे पडलेला असतो. मुकी राहतात ती फक्त माणसे. हा भेद ज्याला कळला त्याला या पद्धतीचा गुणही कळला आणि धोकाही कळला, असे मी म्हणेन. कारण गुणदोष दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. लाजाळू माणसाला, विशेषतः आपल्याकडील गृहिणीला, भर सभेत हात वर करून ‘पाचशे!’ म्हणणे जमत नाही. कागदावर पाचशे लिहिणे जमते. ज्याला मोठ्याने बोलण्याची हौस आहे त्यालाच सर्व वस्तू मिळाव्यात, हा अन्याय येथे टळतो. पण पावणीत मी एक गोष्ट पाहिली आहे. गावातील एखाद्या वृद्ध बाईने मोठ्या श्रद्धेने नारळावर बोली लावली, की पुढची बोली कोणी लावीत नसे. सगळे गप्प. पुकारणाराही तीन वार पटापट म्हणून नारळ तिच्या ओटीत घालीत असे. उघड बोलीत अशी दया करता येते. कागदावरच्या बोलीत ती करता येत नाही, कारण मागणारा कोण हे दिसतच नाही, आणि दिसले तरी आपण गप्प राहिलो हे त्याला कळत नाही. मूक लिलाव आणावयाचा असेल तर ही दया नियमांत घालून आणावी लागेल. ती कशी, ते पुढे सांगते.

सार्वजनिक कार्यासाठी लिलाव करण्यात कमीपणा आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने गांधीजींचा हरिजन-दौरा आठवावा. 1933 च्या नोव्हेंबरात वर्ध्याहून निघालेल्या त्या प्रवासात, ज्याचा आरंभीचा भाग आपल्याच तत्कालीन मध्यप्रांतात झाला, गांधीजी सभेत मिळालेली मानपत्रे, त्यांच्या चांदीच्या पेट्या, भेटीच्या वस्तू जागच्या जागी लिलावात काढीत. स्वाक्षरीलाही ते पाच रुपये घेत. अस्सल बनियाच्या हिशेबाने ते बोली वाढवीत, आणि लोक हसत हसत वाढवू देत. 1934 च्या जानेवारीत मलबारातील बडगरा येथे असा लिलाव चालू असता कौमुदी नावाची सोळा वर्षांची मुलगी पुढे आली आणि तिने हातातील बांगडी, मग गळ्यातील हार, मग कानांतील कुड्या उतरवून दिल्या. पुन्हा दागिने मागणार नाही, असेही तिने सांगितले. गांधीजींनी या प्रसंगावर आपल्या ‘हरिजन’ पत्रात स्वतंत्र लेख लिहिला. लक्षात घ्यावे की तिने बोली लावली नव्हती. लिलाव चालू होता तो लिलावाच्या जागी, आणि तिचे देणे घडले ते त्याच्या शेजारी. सुभाषबाबूंच्या गळ्यातील हार आग्नेय आशियात आझाद हिंद फौजेसाठी लिलावात जात, त्यांनाही लोक आपले सर्वस्व देऊ करीत. पंडित मालवीय यांनी काशी विद्यापीठासाठी निजामाच्या पायातील जोडा लिलावास काढला, ही गोष्ट मात्र आपण वक्तृत्वस्पर्धांतून फार ऐकतो. ती आख्यायिका आहे. तिला भक्कम आधार नाही, आणि इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ती लिहू नये.

याच्या उलट बाजूचीही एक घटना आहे. 1936 साली रवींद्रनाथ ठाकूर, वयाच्या पंचाहत्तरीत, विश्वभारतीचे कर्ज फेडण्यासाठी आपले नृत्यनाट्याचे पथक घेऊन गावोगाव हिंडत होते. दिल्लीत ते गांधीजींच्या दृष्टीस पडले, तेव्हा गांधीजींना ते पाहवले नाही. त्यांनी खटपट करून साठ हजार रुपये मिळविले आणि ते कवींच्या हाती पोहोचविले. दात्याचे नाव त्यावर नव्हते. ज्या गांधीजींना मानपत्राची पेटी भर सभेत विकण्यात काही वाटत नसे, त्यांनाच शाळेसाठी कवीला रंगमंचावर उभे राहावे लागणे खटकले. पैसा जमविण्याची प्रत्येक रीत प्रत्येक वस्तूला शोभत नाही, हा विवेक त्यांच्या ठिकाणी होता, आणि आपल्याला मेजावर वस्तू मांडताना नेमका तोच हवा आहे.

मग काय मांडावे?

दानाच्या लिलावात वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून ठरत नाही, ती कोणाच्या हातची आहे यावरून ठरते. हैदराबादजवळील बालापूरच्या गणपतीचा लाडू 1994 साली 450 रुपयांस गेला होता; 2024 साली त्याच लाडवाच्या मानाला 30 लाख 1 हजार रुपये पडले. टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने वापरलेला भाला पंतप्रधानांच्या भेटवस्तूंच्या 2021 च्या लिलावात दीड कोटी रुपयांस गेला. तो पैसा गंगेच्या शुद्धीकरणाच्या कामासाठी होता. हा लिलावही संगणकावर झाला, म्हणजे मूकच. आपल्या शाळेजवळ ना तो लाडू, ना तो भाला. परंतु आपल्याजवळ जे आहे ते मला कमी वाटत नाही. वाराशिवनीच्या हातमागावरील साडी आहे. चिन्नोर तांदूळ आहे, ज्याला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्याचा सुवास शिजताना शेजारच्या घरी जातो. मोहाची, चारोळीची, मधाची रानातली देणगी आहे. बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारे हात आहेत. अशा वस्तू पालकांनी, व्यापाऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी द्याव्यात. ज्यांच्याजवळ वस्तू नाही त्यांनी काम द्यावे. एखादे सुतार पालक एक कपाट दुरुस्त करून देतील, एखाद्या बाई चार रविवार शिवणकाम शिकवतील, कोणी दुचाकीची तपासणी करून देईल. या कामांचे तक्ते वस्तूंच्या तक्त्यांच्या शेजारीच, तेवढ्याच सुबक अक्षरांत लागले पाहिजेत. साडी देणारे व्यापारी आणि कपाट दुरुस्त करणारे सुतार एकाच मेजावर बसलेले मुलांनी पाहणे, हे मला नागरिकशास्त्राच्या दोन धड्यांइतके मोलाचे वाटते.

आता जे मांडू नये त्याविषयी. परदेशी शाळांतून, आणि आता आपल्या मोठ्या शहरांतील काही श्रीमंत शाळांतूनही, मेजावर मान ठेवतात असे ऐकते. संमेलनात पहिल्या रांगेतील खुर्ची. एक दिवसाचा मुख्याध्यापक होण्याची संधी. मोटार उभी करण्याची राखीव जागा. यांना पैसा फार चांगला पडतो म्हणे. पडणारच! पण ज्या शाळेत आपण सकाळी प्रार्थनेसाठी सर्वांना उंचीच्या क्रमाने उभे करतो, बापाच्या मिळकतीच्या क्रमाने नव्हे, त्या शाळेत पहिली खुर्ची विकली गेली, तर त्या दिवसापासून मुले रांगेकडे वेगळ्या नजरेने पाहतील. ध्वजारोहणाचा मान, दीपप्रज्वलन, बक्षीस वाटण्याचा मान, यांपैकी काहीही तक्त्यावर येता कामा नये. शाळेला ज्या गोष्टीचे वाटप गुणाने किंवा पाळीने करावयाचे आहे, ती गोष्ट पैशाला मोकळी करण्याचा शाळेला अधिकारच नाही.

आणि मुलांनी काढलेली चित्रे? येथे माझे काही सहकारी माझ्याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, मुलांच्या चित्रांना आईबाप आनंदाने पैसे देतील, शिवाय मुलांना उत्तेजन मिळेल. त्यांचा हेतू चांगला आहे. पण चित्रापुढे जो कोरा तक्ता असतो त्याचा विचार त्यांनी करावा. सातवीतील दोन मुलींची दोन चित्रे शेजारी टांगली आहेत. एकीच्या वडिलांचे दुकान आहे. तिच्या तक्त्यावर संध्याकाळपर्यंत पाच बोली पडतात, त्यांतील तीन तिच्या काकामामांच्या. दुसरीची आई शेतावर जाते. तिचा तक्ता घंटा होईपर्यंत कोरा राहतो. दुसरीचे चित्र अधिक चांगले असू शकते, किंबहुना बहुधा असतेच असा माझा अनुभव आहे. परीक्षेत नापास झालेल्या मुलीला आपण पुढच्या परीक्षेची वाट दाखवितो. त्या कोऱ्या कागदानंतर तिला काय दाखवावयाचे? मुलांचे हातकाम मांडावयाचेच असेल तर सबंध वर्गाचे मिळून एक काम मांडावे. एकेका वर्गाची एक गोधडी, जिच्यात प्रत्येकाने आणलेला एक चौकोन जोडलेला आहे. तिच्यावर कोणाचे नाव नको. कोणता चौकोन कोणाचा हे त्या वर्गाला ठाऊक असले म्हणजे पुरे.

बोलीच्या नियमांत गणिताच्या शिक्षकांनी मुलांना घ्यावे, अशी माझी विनंती आहे, कारण येथे खरोखर चांगले गणित आहे. बोलीचा टप्पा फार लहान ठेवला तर लोक रुपयारुपयाने एकमेकांना डिवचीत बसतात. फार मोठा ठेवला तर दुसऱ्याच बोलीला निम्मे लोक गळतात. शंभर रुपयांच्या वस्तूला दहाचा, पाचशेच्या साडीला पन्नासाचा टप्पा योग्य वाटतो. दुसरी अडचण शेवटच्या मिनिटांची. सगळा वेळ कोणी लिहीत नाही, आणि घंटा होण्यापूर्वी एक मनुष्य लेखणी हातात धरून तक्त्यावर असा ओणवा होतो की दुसऱ्याला कागद दिसूच नये. हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवून दिले की संगणकावरील ज्या लिलावात वेळ ठरलेल्या क्षणी संपतो तेथे शेवटच्या क्षणी बोली घुसविण्याची प्रवृत्ती बळावते, आणि शेवटची बोली पडल्यावर वेळ आपोआप वाढत असेल तर ती कमी होते. आपणही तसेच करावे. घंटेपूर्वीच्या पाच मिनिटांत बोली पडली तर त्या तक्त्याला आणखी पाच मिनिटे द्यावीत.

ज्यांना झाकलेल्या बोलीचे कौतुक आहे त्यांच्यासाठी याहून सुंदर एक युक्ती आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली ती शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. त्यास 1996 साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि अवघ्या तीनच दिवसांत त्याचे निधन झाले. युक्ती अशी. सर्वांनी आपली रक्कम बंद पाकिटात द्यावी. सर्वांत मोठ्या रकमेला वस्तू मिळावी, पण द्यावयाची रक्कम मात्र दुसऱ्या क्रमांकाची. पाकिटे 300, 450 आणि 700 ची असतील तर सातशेवाल्याला वस्तू मिळेल आणि तो 450 देईल. प्रथम ऐकताना शाळेचे नुकसान दिसते. पण विचार करा. येथे मनातल्यापेक्षा कमी लिहून काही फायदा नाही, कारण आपल्याला द्यावे लागते ते आपल्या आकड्यावर ठरतच नाही. कमी लिहिल्याने वस्तू हुकण्याचा धोका तेवढा वाढतो. आणि जास्त लिहिले तर वस्तू मनातल्या मोलापेक्षा महाग पडण्याचे भय. म्हणून प्रत्येकाला खरे तेच लिहावेसे वाटते. विक्रीच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे, 1797 साली, जर्मन कवी गटे याने काहीशी अशीच कल्पना लढविली होती. आपल्या ‘हेर्मान आणि डोरोथेआ’ या काव्याची किंमत त्याने बंद चिठ्ठीत लिहून एका मध्यस्थाजवळ ठेवली. प्रकाशकाने त्याहून कमी सांगितले तर व्यवहार रद्द, अधिक सांगितले तरी चिठ्ठीतली रक्कमच द्यावयाची. चिठ्ठीत एक हजार थालर लिहिले होते, आणि प्रकाशकाने नेमके एक हजारच सांगितले! मध्यस्थाने चिठ्ठी फोडल्याचा संशय आजतागायत आहे. तेव्हा बंद पाकिटे ठेवावयाची झाल्यास ती कोणाजवळ, हे आधी ठरवावे.

तक्त्यावर नाव लिहावे की क्रमांक? माझे मत क्रमांकाच्या बाजूचे आहे. श्रीमंत माणूस नाव दिसल्याशिवाय देत नाही, असा आक्षेप येतो, आणि तो अगदीच खोटा नाही. त्यांची नावे संमेलनानंतर आभाराच्या फलकावर अवश्य लिहावीत. पण त्या फलकावर रकमा नकोत, आणि वस्तू देणाऱ्यांची व काम देणाऱ्यांची नावे त्याच यादीत अकारविल्हे असावीत. आता ती पावणीतली दया. तिच्यासाठी तीन नियम सुचविते. एका घरास एकाच वस्तूवर शेवटची बोली राखता यावी, म्हणजे एकच कुटुंब मेज रिकामे करणार नाही. काही वस्तूंची किमान किंमत वीस रुपये असावी आणि त्यांच्यावर कमाल मर्यादाही असावी. मर्यादेपर्यंत जो प्रथम पोहोचेल त्याची ती. आणि मुलांनी वर्गश: मिळून बोली लावण्यास परवानगी असावी. पाच पाच रुपये काढून आठवीच्या वर्गाने एक शब्दकोश जिंकला आणि आपल्या वर्गातच ठेवला, तर त्यात शाळेचा दुहेरी लाभ आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि प्रवेशासाठी देणगी घेण्यास त्या कायद्याने मनाई केली आहे. मग शाळेने पालकांपुढे मेज मांडावे का? लिलावातून जे येईल ते शासनाच्या देण्याची जागा घेणार असेल, तर मांडू नये, असेच माझे उत्तर आहे. शिक्षकांचे वेतन, पाठ्यपुस्तके, पिण्याचे पाणी, शौचालये, यांसाठी अर्जच केले पाहिजेत आणि उत्तर येईपर्यंत केले पाहिजेत. लिलावाचा पैसा त्याच्या वरच्या गोष्टींसाठी असावा. आपल्या ग्रंथालयात मराठी पुस्तके कमी आहेत. मराठी नियतकालिके मागवावी लागतात, आणि मराठी मुलखाच्या सीमेबाहेरच्या या गावात ती आपोआप येत नाहीत. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तेव्हापासून येथील मराठी शाळांना आपली पुस्तके स्वतःच जमवावी लागली आहेत. त्यासाठी आपणच आपल्यापुढे मेज मांडले तर मला त्यात लाज वाटत नाही. मात्र कोणत्याही मुलाला ‘तुझ्या घरून काय आले?’ असे वर्गात विचारले जाता कामा नये. वस्तू कार्यालयात द्याव्यात, वर्गशिक्षकाकडे नव्हे. जमाखर्च संमेलनानंतर पंधरा दिवसांच्या आत सूचनाफलकावर लागावा : कोणती वस्तू, किती रुपये, त्यातून कोणती पुस्तके.

माझ्यापुरते सांगावयाचे तर मी एक तक्ता आधीच भरून कार्यालयात दिला आहे. वस्तू : तीन रविवार, बोली जिंकणाऱ्याच्या स्वयंपाकघरात, गोव्याकडचे साधे जेवण शिकविणे. सोलकढी, मुगागाठी, खतखते. आमसुले मी आणीन, नारळ यजमानांचे. किमान किंमत पन्नास रुपये, टप्पा दहाचा, कमाल मर्यादा तीनशे.